कशावरून?

वर्गात शिक्षक जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं त्याला आधीच माहीत असतात. "सात आठे किती?" असं मी विचारते तेव्हा मला छप्पन्न नको असतात, ते माझ्यापाशी आहेतच; समोरच्या मुलापाशी आहेत की नाहीत एवढंच मला बघायचं असतं. पंधरा वर्षं गणित शिकवताना मी रोज असे कितीतरी प्रश्न विचारले. त्यांतला एकही मला स्वतःला पडलेला नव्हता, हे लक्षात आलं ते पीएच.डी.ला नाव नोंदवल्यावर. ज्याचं उत्तर मला ठाऊक नाही आणि शेजारच्या कुणाला विचारूनही ते मिळणार नाही, असा प्रश्न विचारायची माझी सवयच मोडली होती.

संदर्भ कसे लिहायचे, सॉफ्टवेअर कसं वापरायचं, आराखडा कसा मांडायचा, हे सगळं शिकता येतं. वेळ लागतो, पण येतं. मला जड गेलं ते वेगळंच: समोर चुकीचं उत्तर दिसत असताना गप्प बसणं.

पहिल्या भेटीला मी विषय अगदी ठामपणे घेऊन गेले होते, 'शालेय विद्यार्थ्यांच्या गणितातील अडचणींचा अभ्यास'. प्रस्तावनेत लिहिलं होतं की मुलांचा पाया कच्चा असतो, पाठांतरावर भर असतो, पालकांचं लक्ष नसतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते पान शांतपणे वाचलं आणि पेन्सिलीने समासात तीन ठिकाणी एकच शब्द लिहिला: कशावरून?

मला राग आला. पंधरा वर्षं वर्गात उभी आहे, आणखी कशावरून पाहिजे? घरी येऊन मात्र ते पान पुढे घेतलं आणि एकेका वाक्यापाशी थांबले. 'पालकांचं लक्ष नसतं.' मी कोणत्या पालकांशी बोलले होते? जे शाळेत भेटायला येतात त्यांच्याशी. जे येत नाहीत त्यांच्याबद्दल मला काय माहीत होतं? ते येत नाहीत, एवढंच. मधली सगळी जागा मी माझ्या मनाने भरून काढली होती.

अनुभवाची मला किंमत आहे, ती आजही कमी झालेली नाही. पण त्याची एक खोड असते. आपल्या म्हणण्याला धरून जे घडतं ते लख्ख आठवतं, विरुद्ध जाणारं विसरायला होतं. डार्विनने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की आपल्या निष्कर्षाला छेद देणारी एखादी गोष्ट वाचनात आली किंवा सुचली, की तो ती तिथल्या तिथे टिपून ठेवायचा, कारण असल्या गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर मनातून निसटतात हे त्याला कळून चुकलं होतं. तेव्हापासून माझ्या वहीची शेवटची पानं मी त्यासाठी राखून ठेवली. माझं म्हणणं खोटं पाडणारं जे जे दिसेल ते तिथे, तारीख घालून.

विषय छाटण्यात चार महिने गेले. सर दर भेटीत विचारायचे, कोणत्या अडचणी? कितवीतल्या मुलांच्या? अडचण आहे हे तुम्हाला दिसणार कशातून? प्रत्येक प्रश्नागणिक विषय आक्रसत गेला. गणितातून अपूर्णांक राहिले, अपूर्णांकांतून दशांश अपूर्णांक, आणि त्यांतलाही फक्त लहानमोठेपणा. ४.८ आणि ४.६३ यांत मोठी संख्या कोणती, आणि मूल ते कसं ठरवतं? एवढाच प्रश्न हाती उरला. एवढ्याशा प्रश्नाला आयुष्यातली काही वर्षं द्यायची, हे मला तेव्हा पचत नव्हतं.

मग वाचन सुरू झालं. शोधनिबंध वाचणं ही स्वतंत्र शिकायची गोष्ट आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचे, प्रत्येक अनोळखी शब्दाला अडायचे आणि तिसऱ्या पानावर दमून जायचे. हळूहळू कळलं की आधी सारांश बघावा, मग सरळ कोष्टकांकडे जावं, मग पद्धतीच्या भागात यांनी नेमकं काय केलं ते बघावं, आणि लेखकाचं म्हणणं सगळ्यात शेवटी ऐकावं. कोष्टक बघून आपल्याला काय दिसतं ते आधी ठरवायचं आणि मगच त्याला काय दिसलं ते वाचायचं. या एका सवयीने माझं वाचन बदललं.

वाचता वाचता १९८५ सालचा एक निबंध हाती आला. साकूर-ग्रिझ्वार आणि लेओनार या दोघांनी फ्रान्समधल्या मुलांवर केलेलं काम. मुलं दशांश अपूर्णांकांची तुलना करताना चुकतात तेव्हा ती वाटेल तशी चुकत नाहीत, त्या चुकांमागे ठराविक नियम असतात, असं त्यांना दिसलं होतं. काही मुलं दशांशचिन्हाच्या उजवीकडचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतात: त्रेसष्ट आठापेक्षा मोठे, म्हणून ४.६३ मोठी. काहींचं नेमकं उलटं असतं: उजवीकडे जितके जास्त अंक तितकी संख्या लहान. तिसरा नियम चिन्हाच्या लगेच पुढे येणाऱ्या शून्याचा: तिथे शून्य दिसला की ती संख्या लहान. १९८९ मध्ये लॉरेन रेझनिक आणि सहकाऱ्यांना अमेरिका, इस्रायल आणि फ्रान्स अशा तीन देशांतल्या मुलांत हेच नियम आढळले. पुढे ऑस्ट्रेलियात केय स्टेसी आणि विकी स्टाइनले यांनी तर मुलांच्या या कल्पना वर्षानुवर्षं कशा टिकतात, कशा बदलतात याचा मागोवा घेतला.

ते सगळं वाचून मी खचले. माझा एवढासा प्रश्न, तोही लोकांनी आधीच सोडवून ठेवलेला. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "यावर आधी कुणीच काही केलं नसतं तर मला काळजी वाटली असती." त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा उमगला. ज्या मुलांना मी इतकी वर्षं 'लक्ष देत नाहीत' म्हणून मोकळी होत होते, त्यांच्यासारखीच मुलं पुष्कळ लोकांनी, पुष्कळ ठिकाणी मन लावून ऐकली होती. मी त्यांच्यात सामील होत होते.

या वाचनात एक आडवाट सापडली आणि तिथे मी जरा जास्तच रेंगाळले. युरोपात दशांश अपूर्णांक लोकांच्या हाती देण्याचं मोठं श्रेय सिमोन स्टेविन या गणितज्ञाकडे जातं. १५८५ साली त्याने त्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्याच्या लिखाणात दशांशचिन्ह नव्हतं. प्रत्येक अंकामागे तो एका वर्तुळात स्थानाचा क्रमांक लिहायचा: एककामागे वर्तुळात शून्य, दशांशामागे एक, शतांशामागे दोन. लिहायला किचकट, पण प्रत्येक अंक आपली ओळख गळ्यात घालून उभा. पुढे लिपी सुटसुटीत होत गेली, वर्तुळं गेली, एक ठिपका उरला. आपण मुलांना तो ठिपका देतो आणि गळून पडलेल्या सगळ्या ओळखी त्यांनी मनात धरून चालावं अशी अपेक्षा करतो. प्रबंधात यातली एकच ओळ आली. पण फळ्यावर दशांशचिन्ह काढताना माझा हात आता क्षणभर थांबतो.

पद्धतीचा अभ्यास करताना मला माझंच एक जुनं काम पुन्हा बघावं लागलं आणि ते सोपं नव्हतं. काही वर्षांपूर्वी मी एक कृतिसंशोधन केलं होतं. चाचणी घेतली, वर्गातली सगळ्यांत कमी गुणांची दहा मुलं निवडली, त्यांना दोन महिने जादा शिकवलं, पुन्हा चाचणी घेतली. गुण वाढले. अहवालात मी लिहिलं, 'उपक्रम यशस्वी झाला.' त्या दोन महिन्यांच्या मेहनतीचा मला अभिमान होता.

मग फ्रान्सिस गाल्टन हा इंग्रज शास्त्रज्ञ वाचला. १८८६ साली त्याने आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची तुलना करून दाखवलं की फार उंच आईवडिलांची मुलं उंच असली तरी सरासरीच्या बाजूला सरकलेली असतात. फार बुटक्यांचीही तशीच, उलट बाजूने. ही गोष्ट उंचीपुरती नाही. कोणत्याही एका चाचणीतली तळाची दहा मुलं घ्या. त्यांत काही खरोखर मागे असतात आणि काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो. ज्यांचा दिवस वाईट गेला होता त्यांचे गुण दुसऱ्या चाचणीत आपोआप वर येतात, कुणी काही शिकवो वा न शिकवो. मी जुनी गुणपत्रकं काढली आणि वरच्या दहा मुलांचे त्याच दोन चाचण्यांतले गुण पाहिले. ते थोडे घसरले होते. तेव्हा मी त्यांना ढिलाईबद्दल बोलले होते, हेही आठवलं. खालची वर आली ती माझ्यामुळे आणि वरची खाली आली ती त्यांच्यामुळे, असा हिशेब मी करून टाकला होता.

माझ्या शिकवण्याचा उपयोग झाला नसेल असं मी म्हणत नाही. झालाही असेल. पण किती, हे त्या आकड्यांतून कळायला मार्गच नव्हता, कारण न शिकवलेली तशीच मुलं माझ्याकडे तुलनेला नव्हती. तो अहवाल मी फाडला नाही. वहीच्या शेवटच्या पानांत त्याची नोंद केली.

पथदर्शी चाचणी, म्हणजे खऱ्या चाचणीआधी करून बघायची छोटी चाचणी, मी स्वतः तयार केली. संख्यांच्या दहा जोड्या, प्रत्येकीतली मोठी संख्या कोणती ते लिहायचं. एका संध्याकाळी बसून सुचतील तशा जोड्या लिहून काढल्या आणि एका वर्गाला दिल्या. बहुतेक मुलांचे गुण बरे आले. मला वाटलं, प्रश्न समजतो तेवढा गंभीर नाही.

सरांनी गुणांकडे पाहिलंच नाही, प्रश्नपत्रिका मागितली. "समजा एखादं मूल ठिपक्यानंतरची संख्या पूर्ण संख्येसारखी वाचतं," ते म्हणाले. "ते मूल व्हा आणि हा पेपर सोडवा." मी सोडवला. ३.२५ आणि ३.५२ यांसारख्या, दोन्हीकडे सारखेच अंक असलेल्या चार जोड्या होत्या. पंचवीसपेक्षा बावन्न मोठे, उत्तर बरोबर. ०.३ आणि ०.४५ यांसारख्या, लांब संख्याच मोठी असलेल्या आणखी चार. तीनपेक्षा पंचेचाळीस मोठे, उत्तर बरोबर. ४.८ आणि ४.६३ यांसारख्या दोनच जोड्यांत ते मूल चुकत होतं. दशांश अपूर्णांक म्हणजे काय याचा गंधही नसलेल्या मुलाला माझ्या पेपरात दहापैकी आठ गुण पडत होते. मग उलट नियमाचं मूल होऊन पुन्हा सोडवला. लांब संख्या लहान, असं मानणाऱ्या त्या मुलाला सहा मिळाले.

मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. माझ्या डोळ्यांपुढे गेल्या पंधरा वर्षांतले पेपर येत होते. किती मुलांच्या उत्तरपत्रिकांवर मी 'छान!' लिहिलं असेल? ती मुलं पुढच्या वर्गात गेली, आणि त्यांचा तो चुकीचा नियम माझ्या लाल पेनाने पक्का होऊन त्यांच्यासोबत गेला. चूक तर आपण निदान दाखवतो तरी. चुकीच्या कारणाने आलेलं बरोबर उत्तर कुणालाच दिसत नाही, त्या मुलालाही नाही.

नवी चाचणी करायला दीड महिना लागला. जोड्यांचे प्रकार वेगळे केले, प्रत्येक प्रकारातल्या पुरेशा जोड्या घेतल्या आणि एकूण गुण काढायचेच नाहीत असं ठरवलं. कुठल्या प्रकारात मूल सतत बरोबर आणि कुठल्या प्रकारात सतत चूक, तो आकृतिबंध बघायचा. 'याला किती येतं' हा शिक्षकाचा प्रश्न बाजूला राहिला आणि 'हा कसा विचार करतोय' हा पुढे आला. हे वाक्य लिहायला सोपं आहे. गुणांची बेरीज न करता उत्तरपत्रिका बाजूला ठेवायला माझ्या हाताला बराच काळ जड जात होतं.

चाचणीसोबत मुलांच्या मुलाखतीही घ्यायच्या होत्या. त्यांआधी संमतीचा प्रश्न आला. पालकांची सही घेतली की झालं, असं माझं मत होतं. पण मुलाची स्वतःची तयारी? बाईंनी विचारलं की मूल हो म्हणतंच. जी व्यक्ती गुण देते तिला नाही म्हणायची मुभा आहे, हे त्याने कशावरून मानायचं? म्हणून मी माझा वर्ग घेतला नाही, दुसऱ्या शाळेतल्या मुलांना घेतलं. त्यांना विचारायचं काम तिथल्या ग्रंथपालांना दिलं. नको असेल तर कोरा कागद घडी करून डब्यात टाकायचा, कुणाला सांगायची गरज नाही. काही कागद कोरे आले. ते पाहून मला आधी वाईट वाटलं आणि मग बरं वाटलं.

आता मुलाखतींविषयी. हा भाग मी थोडक्यात सांगू शकणार नाही.

पहिली मुलाखत एका मुलीची. टेबलावर दोन कार्डं, एकावर ४.८, दुसऱ्यावर ४.६३. तिने लगेच दुसऱ्यावर बोट ठेवलं. मी विचारलं, "का बरं?" ती म्हणाली, "त्रेसष्ट मोठे आहेत ना." संध्याकाळी हेडफोन लावून मी ते रेकॉर्डिंग शब्दांकनासाठी ऐकत होते. पुढचं वाक्य माझंच होतं, पण आपण असं काही बोललो हे मला आठवतही नव्हतं: "नक्की? परत एकदा बघ बरं." आणि क्षणाचाही विलंब न लावता तिचा आवाज आला, "मग ही." पुढे मी विचारलं, "ही का?" ती गप्प.

तिच्या डोक्यात काहीच बदललं नव्हतं. माझ्या आवाजातला चढउतार तिने अचूक वाचला होता. 'परत बघ बरं' याचा अर्थ 'चुकलं' असा होतो, हे कुठलंही शाळकरी मूल जाणतं. दोनच पर्याय होते, एक चुकला की दुसरा बरोबर. ती मुलाखत मला बाजूला ठेवावी लागली. तिने दिलेलं पहिलं, खरं उत्तर मी माझ्याच सवयीने मोडून टाकलं होतं.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये मी माझे थांबे मोजले. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधकांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात, आणि तोच थांबा तीन सेकंदांच्या वर गेला तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलू लागतात. हे मी वाचलं होतं, दुसऱ्यांना सांगितलंही होतं. माझे थांबे एक सेकंदाचेच होते. पुढच्या मुलाखतींत मी टेबलाखाली बोटांची पेरं मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या पेरावर खोली फार शांत होते. मूल कार्डाकडे बघतं, आपल्याकडे बघतं, पुन्हा कार्डाकडे. त्या वेळी मदत न करणं, डोळ्यांनीसुद्धा न करणं, हे मला इतकं कठीण गेलं की पहिल्या काही मुलाखतींनंतर माझी मान आखडली.

पण त्या शांततेतून जे बाहेर आलं ते मी पंधरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

एक मुलगा म्हणाला, "हे चार मीटर आठ सेंटीमीटर आणि हे चार मीटर त्रेसष्ट सेंटीमीटर." त्याच्या दृष्टीने ठिपका म्हणजे दोन पूर्ण संख्यांमधली भिंत होती, अलीकडे मोठं माप, पलीकडे छोटं माप. दुसरा एक मुलगा ४.८ बरोबर निवडायचा, आणि ४.४ आणि ४.४५ समोर ठेवले की ४.४ मोठी म्हणायचा. का? तो बराच वेळ बोलला नाही. मग सावकाश म्हणाला, "इथे दहा भाग केलेत आणि इथे शंभर. शंभर भाग केले की भाग बारीक होतात. मग बारीक भागांची संख्या लहानच असणार." मी ते तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं, रेकॉर्डिंग चालू असूनही. या मुलाला शतांश दशांशापेक्षा लहान असतो हे पक्कं ठाऊक होतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी 'हुशार' मुलांना ते इतकं स्वच्छ सांगता आलं नसतं. भाग केवढा, याच्यासोबत भाग किती, हे तेवढं त्याने धरलं नव्हतं. त्याच्या चुकीत निम्मं गणित अगदी खरं होतं.

पुढे बालमानसशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला झाँ पियाजे विशीत पॅरिसला होता तेव्हा सिरिल बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाच्या तर्कचाचण्या फ्रेंच मुलांसाठी प्रमाणित करायचं काम त्याच्याकडे आलं होतं. कोणत्या वयाची किती मुलं बरोबर उत्तर देतात ते मोजायचं, एवढंच काम. त्याचं लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे गेलं आणि तो मुलांशी बोलत बसला. बी.एड.ला मी पियाजेच्या विकासाच्या अवस्था पाठ करून उत्तम गुण मिळवले होते. तो मुलांशी बोलत बसला होता, ही त्यातली मुख्य गोष्ट तेव्हा माझ्या हाती लागली नव्हती.

मुलाखतींत शिकवायचं नाही, हे ठरलेलं होतं. एका मुलाला मी शिकवलं तर ते बाहेर जाऊन दुसऱ्याला सांगणार आणि सगळ्याच मुलाखती बिघडणार. तरी चुकीचं उत्तर घेऊन एखादं मूल खोलीबाहेर जायचं तेव्हा मला अपराध्यासारखं वाटायचं. दारात थांबून एकीने विचारलं, "माझं बरोबर आलं का?" मी म्हटलं, "तू कसा विचार केलास ते मला फार छान सांगितलंस." ते खरं होतं, पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि हे तिलाही कळलं. मी सरांकडे जाऊन ते बोलले. संशोधन संपल्यावर प्रत्येक मुलासोबत बसून त्याची कल्पना दुरुस्त करायची, आणि हे आराखड्यातच लिहून ठेवायचं, असं आम्ही ठरवलं.

शब्दांकन करताना आणखी एक गोष्ट कानांवर आली. कार्ड पुढे ठेवताना मी म्हणत होते, "चार पॉइंट त्रेसष्ट." मुलं तसंच म्हणतात, आपण सगळेच म्हणतो, पटकन जिभेवर येतं. पण 'त्रेसष्ट' म्हटलं की उजवीकडच्या त्या दोन अंकांची आपण स्वतःच एक पूर्ण संख्या करून टाकतो. मूल पुढे तीच संख्या आठाशी ताडून बघतं. पाठ्यपुस्तकात 'चार दशांशचिन्ह सहा तीन' असं वाचन दिलेलं असतं, आणि मी ते एकदा वाचून दाखवून पुढे 'पॉइंट त्रेसष्ट'वर यायचे. मुलांच्या अडचणीचं कारण हेच, असं मी म्हणणार नाही. वेगळ्या भाषा बोलणारी मुलंही हेच करतात, हे वाचलंच होतं. पण माझ्या जिभेचा त्यात वाटा नाही असंही आता म्हणवत नाही. उरलेल्या मुलाखतींत मी संख्या उच्चारल्याच नाहीत, कार्डाकडे नुसतं बोट दाखवलं.

संख्याशास्त्राची मला धास्ती होती, तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लहान नमुन्यांसाठी वापरतात ती टी-चाचणी गॉसेट नावाच्या माणसाने १९०८ साली मांडली. तो डब्लिनला गिनेसच्या मद्यकारखान्यात काम करायचा आणि निबंधावर त्याने टोपणनाव घातलं होतं 'स्टुडंट'. ते कळल्यापासून ते सूत्र मला जरा जवळचं वाटलं.

लिहिणं मात्र पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. 'सर्वच', 'निश्चितपणे', 'सिद्ध होते' हे शब्द माझ्या मसुद्यात पानोपानी होते आणि समासात पेन्सिल होती. लॉरेन्स स्टेनहाउस या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञांनी १९७५ मध्ये शिक्षकानेच आपल्या वर्गाचा संशोधक व्हावं असा आग्रह धरला. संशोधन म्हणजे पद्धतशीर केलेली आणि लोकांसमोर मांडलेली विचारपूस, असं ते मानायचे. यातलं 'लोकांसमोर' मला लिहिताना कळलं. मी काय पाहिलं ते असं लिहायचं, की मला न ओळखणारं कुणीतरी ते वाचून 'तुमचं इथे चुकलंय' असं बोट ठेवून दाखवू शकेल. वर्गात माझी चूक दाखवायला कुणी नसतं. इथे ती दाखवता यावी म्हणून मीच वाट करून द्यायची. पहिली मोडलेली मुलाखत मी प्रबंधात घातली, माझ्या त्या वाक्यासकट. सरांनी त्या पानावर काही लिहिलं नाही.

सगळं संपल्यावर ठरल्याप्रमाणे मुलांना पुन्हा भेटले. शंभर बारीक भागांवाला तो मुलगा आला. मी एक संख्यारेषा काढली, फक्त ४ आणि ५ लिहिले आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्याने दहा भाग केले, ४.४ ची खूण केली. "आता ४.४५ कुठे?" तो ४.४ च्या डावीकडे गेला, थांबला. मी पेरं मोजत नव्हते, ती सवय तोवर अंगात मुरली होती. बऱ्याच वेळाने त्याने ४.४ आणि ४.५ यांच्या मधे पेन्सिल टेकवली आणि त्या छोट्याशा जागेचे पुन्हा दहा भाग करायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्यावर खूण केली. "हिच्यात चार दशांश आहेतच की," तो म्हणाला, "वर अजून पाच बारीक." मला वाटलं, झालं. मी कागद उचलायला हात पुढे केला, पण तो अजून रेषेकडेच बघत होता. त्याने पेन्सिलीचं टोक ४.४५ च्या लगतच्या फटीत नेलं, तिथे आणखी दहा रेघा मारता येतात का ते बघत राहिला, आणि म्हणाला, "बाई, मग हे संपणारच नाही. कुठल्याही दोघांच्या मधे अजून असणारच."

हे प्रबंधात कुठेच नाही. मुलाखती संपल्या होत्या, त्याची आणि त्याच्या पालकांची संमती तेवढ्यापुरतीच होती, रेकॉर्डर घरी होता. तो गेल्यावर मी वही काढली. शेवटची पानं भरत आली होती, म्हणून नवी वही घेतली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि नाव न लिहिता त्याचं वाक्य लिहिलं. त्याच्याखाली लिहिलं: हे त्याला कशावरून सुचलं?